नेहमीसारखा

रविवार, रात्रीचे पावणेबारा

आमचा ड्रमर निन्या एवढंच म्हणाला, "मस्त वाजतोय रे बेस. नेहमीसारखा." आणि काठ्या पिशवीत कोंबून चहाला गेला.

कौतुकच होतं ते. निन्याच्या तोंडून एवढं निघालं म्हणजे दिवाळीच. तरी घरी येईपर्यंत तो एक शब्द दाताखाली खडा आल्यासारखा लागत राहिला. नेहमीसारखा. पाच रविवार माझा बेस गिटार टेबलावर उघडा पडला होता, घरभर सोल्डरचा वास, आणि निकाल काय, तर नेहमीसारखा.

काय काय केलं ते लिहून काढतो. म्हणजे ते झालं होतं याची मला तरी खात्री पटेल.

मुळात सगळं सुरू झालं ॲम्पमधून येणाऱ्या घरघरीवरून. जुने पिकअप (तारांची थरथर पकडणारे चुंबक) साधे सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीचे. लिओ फेंडरने १९६० साली जॅझ बेस काढला तेव्हापासूनची ही गोम आहे. दोन पिकअप, एकाची गुंडाळी आणि चुंबकाची दिशा दुसऱ्याच्या उलट. दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की तारांचे सिग्नल एकमेकांत मिळतात आणि बाहेरून शिरलेली घरघर वजा होते. एक व्हॉल्यूम जरा उतरवला की वजाबाकी चुकते. आणि मला जो आवाज हवा असतो तो नेमका तिथेच सापडतो, ब्रिजकडचा (जिथे तारा बेसच्या अंगावर टेकतात) पूर्ण आणि गळ्याकडचा किंचित उतरवलेला.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी असतो ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपली घरघर जवळजवळ जी सुरात असते, फक्त साधारण ३५ सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर) चढी. तिचा दुसरा हार्मोनिक १००, आणि मोकळी जी तार ९८. ती तार छेडून सोडली की दोघांमध्ये सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हीच घरघर ए शार्प आणि बी यांच्या बरोबर मधे लटकते, ना इकडची ना तिकडची. आपली निदान सुराच्या वेशीपर्यंत तरी येते. फुकटचा तानपुरा, खर्ज जरा चढा लागलेला.

तर हा तानपुरा मी बंद केला. आज दोन गाण्यांच्या मधल्या जागेत माझ्या ॲम्पमधून काहीही येत नव्हतं. आता काहीही न येणं कुणाला ऐकू येणार?

नवे पिकअप बाहेरून जुन्यांसारखेच दिसतात. आत प्रत्येकात दोन कॉइल आहेत, एक ई आणि ए तारांखाली, दुसरी डी आणि जी खाली. १९५७ मध्ये प्रिसिजन बेसला दुभंगलेला पिकअप मिळाला त्याचंच हे तत्त्व, फक्त एका सरळ कव्हरखाली दडवलेलं. त्यामुळे लीड गिटारवाले करतात तसं 'कॉइल स्प्लिट', म्हणजे दोनपैकी एक कॉइल बंद करणं, यावर करायचं नाही. केलं तर घरघर परत येतेच, वर दोन तारा मुक्या होतात. मागवताना माप बघायचं. गळ्याकडचा साधारण ९२ मिमी लांब, ब्रिजकडचा ९५, कारण ब्रिजकडे तारा फाकत जातात. स्वस्त कॉपी बेसवर कधी कधी दोन्ही एकाच मापाचे असतात, म्हणून आधी जुनं कव्हर मोजायचं आणि मगच पैसे भरायचे.

(मराठीत स्ट्रिंगही तार आणि वायरही तार. या वहीत तार म्हणजे वाजणारी.)

स्विचसाठी लाकडात भोक पाडायचं नव्हतं, म्हणून गळ्याकडच्या व्हॉल्यूमच्या जागी २५० के (किलोओहम) चा पुश-पुल पॉट, म्हणजे फिरवता येतो तसाच वर-खाली ओढताही येणारा. त्याच्या पोटाखाली डीपीडीटी स्विच असतो, सहा पायांचा, एका खटक्यात दोन वेगळ्या जोडण्या फिरवणारा. पोट खोल असतं, म्हणून आधी खड्ड्याची खोली मोजायची. माझी ३६ मिमी निघाली, वायरांसकट पॉटला ३२ लागले. मोठ्या मापाच्या पॉटचा गळा ९.५ मिमीचा, आणि माझ्या प्लेटची भोकं होती छोट्या पॉटची. गोल कानशीने वाढवावी लागली. हे काम पिकअपपासून लांब, शक्यतो गॅलरीत. लोखंडाचा कीस एकदा चुंबकाला चिकटला की ब्रशने नाही, चिकटपट्टीने टिपून काढावा लागतो, आणि तरी दोन कण राहतातच.

खरी करामत सिरीज-पॅरललची, म्हणजे दोन पिकअप एकापुढे एक जोडायचे की शेजारी शेजारी, हे बदलण्याची. स्विचची एक बाजू: ब्रिज पिकअपची ग्राउंडकडची वायर मधल्या पायावर. नॉब खाली असताना ती ग्राउंडला जाते, वर ओढला की गळ्याच्या पिकअपच्या हॉट, म्हणजे सिग्नलच्या, वायरला. दुसरी बाजू: गळ्याच्या व्हॉल्यूमचा मधला पाय. खाली असताना त्याला गळ्याच्या पिकअपची हॉट वायर मिळते, वर असताना काहीच नाही. वर ओढल्यावर ब्रिजचा व्हॉल्यूम मालक होतो आणि गळ्याचा नुसता शोभेचा. ही दुसरी बाजू वाचवायचा मोह होतो, कारण पहिल्या बाजूने सिरीज झालंच की. पण मग गळ्याचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा असताना ब्रिज पिकअपची दोन्ही टोकं एकाच ठिकाणी येतात आणि तो गप्प होतो. दोन पिकअपचा पराक्रम करायला जावं आणि एकच वाजावा.

पॉटच्या पाठीवर सोल्डर धरत नसेल तर दोष बहुतेक वेळा सोल्डरिंग आयर्नचा असतो. २५ वॉटचं लावून मिनिटभर बसलं की पाठ तापता तापता आतला कार्बनचा ट्रॅक भाजून निघतो. ६० वॉट, रुंद टोक, पाठ आधी पॉलिश पेपरने खरवडायची, तीन सेकंदांत काम संपवायचं. स्विचच्या पायांना मात्र उलट, टेकवा आणि उचला. तिथलं प्लॅस्टिक मऊ झालं की खटका कायमचा अडखळतो.

मग पहिली चाचणी. पॅरलल झकास, सिरीजमध्ये फक्त ब्रिज. दोन तास आकृतीशी भांडलो, आकृती बरोबर होती. घरघर अडवायला खड्ड्यांत तांब्याची पट्टी चिकटवली होती, आणि ब्रिज पिकअपच्या तळाशी, जिथे ग्राउंडकडची वायर जोडलेली असते, तो टाका पट्टीला टेकत होता. पॅरललमध्ये हा दोष दिसतच नाही, कारण तेव्हा ते टोक ग्राउंडलाच हवं असतं. सिरीजमध्ये तेच टोक गळ्याच्या पिकअपच्या हॉटला जोडलेलं, म्हणजे गळ्याचा आख्खा पिकअप ग्राउंडला बसला. पिकअपच्या तळाला इन्सुलेशन टेपचे दोन थर दिले, संपलं. जॅकपाशीही तेच. पिन घातली की जॅकची पाती बाहेर फाकते आणि पट्टीला शिवते. केबल नसताना मीटर सगळं ठीक म्हणतो, केबल लावली की बेस मुका.

प्रत्येक वेळी प्लेट उघडायची गरज नाही, हे उशिरा सुचलं. केबल बेसला लावायची, तिच्या दुसऱ्या पिनच्या टोकाला आणि अंगाला मीटर लावायचा, दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण. माझे पिकअप ९.२ आणि १० किलोओहमचे. पॉटचा भार धरून पॅरललमध्ये ४.६ च्या आसपास यायला हवं, सिरीजमध्ये १६.६. माझा मीटर सिरीजमध्ये ९.३ दाखवत होता, म्हणजे एकट्या ब्रिजचा आकडा. आकडा आधीच सांगत होता. मी ऐकत नव्हतो.

मधेच बाबांचा फोन. "झाला का दुरुस्त?"

"बिघडला नव्हता, बाबा."

"मग उघडलास कशाला?"

यावर आज लिहीत नाही.

टोनच्या पॉटवर एक छोटा तीन जागांचा टॉगलही बसवला. वर ४७३ छापलेला कपॅसिटर, म्हणजे ०.०४७ मायक्रोफॅरड, खाली २२३, म्हणजे ०.०२२, मधे काहीच नाही. पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, सगळं मिळून एका चहा-वड्याच्या पैशांत. मधल्या जागेत टोनचा नॉब फिरवून काहीच होत नाही, आणि हे विसरून मी एकदा चांगला पॉट काढायला निघालो होतो. आठवडाभरात कळलं की मी तो टॉगल ४७३ वरून हलवतच नाही. तेच तर मूळ बेसमध्ये होतं. असो.

पण सिरीज! सिरीजचा आवाज वेगळा आहे, हे मी कुणाच्याही पैजेवर सांगेन. कॉइलचं इंडक्टन्स पॅरललमध्ये निम्मं होतं, सिरीजमध्ये दुप्पट, म्हणजे दोन्हींत चौपटीचा फरक. केबल तीच राहिली तर रेझोनन्स, म्हणजे जिथे आवाज सगळ्यात ठळक होतो ती जागा, निम्म्या वारंवारतेवर उतरतो. पॅरललमध्ये बोटाचा खरखरीत कड, मधला भाग पोकळ. सिरीजमध्ये तो कड जातो आणि मधला भाग पोळीसारखा फुगतो. त्यात व्होल्टेजची बेरीज होते, पॅरललमध्ये सरासरी, म्हणजे कागदावर ६ डेसिबलपर्यंत जास्त आवाज. एवढं सगळं होऊनही नेहमीसारखा?

थांब. हे ६ डेसिबल.

कान मोठ्या आवाजाला चांगला आवाज समजतो, हे मला पाठ आहे. म्हणून घरी तुलना करताना दर वेळी आवाज जुळवून घ्यायचो. पिकअपची उंचीसुद्धा तशीच लावली, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून जाड तारेखाली ३ मिमी, बारीक तारेखाली अडीच, मग दोन्ही पिकअप एकमेकांशी जुळेपर्यंत अर्धा अर्धा आटा. आणि आज चौथ्या गाण्याच्या आधी नॉब वर ओढला, त्याच हाताने ब्रिजचा व्हॉल्यूम सातवर आणला, कुणाच्या कानावर धडका बसू नये म्हणून. व्हॉल्यूम उतरवला की वरचा कड आणखी जरा मरतो. वर निन्याच्या झांजा, वर ती पत्र्याची खोली. म्हणजे फरक कुणाला कळू नये याची चोख व्यवस्था मीच लावून ठेवली होती, आणि मग कुणाला कळला नाही म्हणून रिक्षात तोंड पाडून बसलो होतो.

हे लिहिताना हसू आलं. रात्री बाराला एकट्याने हसणं बरं नव्हे, आई उठेल.

आणि नॉब वर आहे की खाली, हे समोरून दिसत नाही. जराशी हालचाल, तीही माझ्याच तळहाताआड. निन्याने ओळखायचं तरी कसं? त्याला काय ऐकू येतं? बेसड्रमवर मी त्याच्यासोबत पडलो की नाही, एवढं. पडलो असणार. तेवढं झालं नसतं तर मात्र त्याने सगळ्यांसमोर सांगितलं असतं, आणि त्यात 'नेहमीसारखा' हा शब्द नसता. पाच रविवार बेस हातात नव्हता आणि तरी पडलो. त्या हिशोबाने तो शब्द एवढा काही वाईट नाही. म्हणजे, थोडा आहेच.

एक मात्र खरं. दुसऱ्या आणि तिसऱ्या गाण्याच्या मधे तो नेहमी माझ्याकडे बघून हाताने 'बंद कर ते' अशी खूण करायचा. घरघरीमुळे. आज केली नाही. आपण आज खूण केली नाही हे त्यालाही माहीत नसणार.

जुने पिकअप बिस्किटांच्या डब्यात ठेवलेत, गळ्याचा आणि ब्रिजचा अशा चिठ्ठ्या लावून, स्क्रू आणि खालचे फोम वेगळ्या पुडीत. डबा पत्र्याचा आहे आणि चुंबक झाकणाला आतून चिकटून बसतात, उद्या प्लॅस्टिकचा बघायला हवा.

जॅकचा नट आज दोनदा सैल झाला. जॅक फिरत राहिला तर आतली वायर पिळून तुटणार आणि सगळं पुन्हा उघडावं लागणार. पुश-पुलचा नॉबही घामाच्या बोटांनी वर येत नाही, गुळगुळीत आहे, त्याला बाहेरून रबरी रिंग चढवायची. मंगळवारी तपकीर गल्ली: दात्यांचा वॉशर, ३/८ इंची, दोन. रबरी रिंग, नॉब सोबत नेऊन मापाने.