गल्लीची वही आणि शिष्यवृत्तीचा फॉर्म : माझा अनुभव

फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता : 'आपण समाजासाठी केलेल्या कामाचे नेतृत्व कसे केले, ते ६०० शब्दांत लिहा.' मी दोन दिवस त्या 'आपण'कडं बघत बसले. आमच्याकडं कुठलंही काम 'आम्ही' करतो. मंडळाचं डेकोरेशन आम्ही करतो, लग्नात पंगतीला आम्ही वाढतो, पुरात जनावरं आम्ही हलवतो. त्यात माझं नेमकं किती, हे कधी कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

ही शिष्यवृत्ती एका ट्रस्टची. बारावी झालेल्या, आणि शिकता शिकता गावात किंवा वस्तीत काहीतरी काम उभं केलेल्या मुलामुलींसाठी. वर्षाला ४० हजार, पदवी पूर्ण होईपर्यंत. ट्रस्टचं नाव लिहीत नाही, कारण मागं एकदा कुणाला तरी सांगितलं तर 'माझ्या पोराचा फॉर्म तूच भरून दे' असे अकरा फोन आले.

बारावीचा निकाल लागला २१ मे २०२४ ला. मला ७८ टक्के. घरात पेढे वाटले, पण मार्कांवर मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांच्या रांगेत ७८ ला कोण उभं करून घेतंय? ज्युनिअर कॉलेजच्या ऑफिसबाहेर दाखल्याची वाट बघत होते, तेव्हा फळ्यावर एसटी पासची सूचना आणि हरवलेल्या कॅल्क्युलेटरची चिठ्ठी यांच्यामध्ये हा कागद दिसला. शेवटची तारीख ३० जून. 'किमान गुण ६०' एवढं वाचलं आणि मोबाइलवर फोटो काढला.

आता कामाबद्दल. आमचं गाव प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या एकत्र येऊन पंचगंगा होते, त्या संगमावरचं. कोल्हापुरात पावसाळ्यात लोक 'जेवलास का' विचारायच्या आधी 'बंधाऱ्यावर किती फूट?' असं विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये, मी आठवीत असताना, पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. १९८९ च्या पुरानंतर गावाला सोनतळीला प्लॉट मिळालेत, पण शेत इथं, गोठा इथं, दुधाची डेअरी इथं. त्यामुळं जुनं गाव सुटत नाही. पाणी आलं की तिकडं जायचं, उतरलं की परत यायचं.

त्या वर्षी बोटी आल्या तेव्हा आमच्या गल्लीत मागच्या खोलीत एक आज्जी अंथरुणाला खिळलेली आहे, हे बोटवाल्यांना कुणी सांगितलंच नाही. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असंल. तिला नेलं, पण पाचव्या की सहाव्या फेरीला. दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी चुलतबहीण आणि शेजारच्या दोघी, अशा चौघींनी दोनशे पानी वही घेतली आणि घरं लिहायला सुरुवात केली. चार गल्ल्या, १४२ घरं. माणसं किती, चालता न येणारं कोण, रोजची गोळी कुठली, कुणी गरोदर आहे का, सोनतळीला कुणाकडं उतरणार, फोन नंबर. जनावरांचा रकाना आधी शेवटी होता. पहिल्या दहा घरांतच कळलं की म्हैस हलल्याशिवाय मालक हलत नाही. मग तो रकाना सगळ्यात पुढं घेतला. राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांपैकी पहिला उघडल्याची बातमी आली की वही कपाटातून काढायची, एवढाच नियम. २०२१ च्या जुलैत ती पहिल्यांदा खऱ्या अर्थानं वापरली गेली.

हे सगळं निबंधात कसं लिहायचं? माझा पहिला मसुदा 'लहानपणापासूनच मला समाजसेवेची आवड आहे' असा सुरू झाला. घेऊन गेले मराठीच्या मॅडमकडं. त्यांनी लाल पेन काढलं. निबंधात 'मी' हा शब्द ३१ वेळा होता. १९ ठिकाणी त्यांनी गोल केला आणि समासात लिहिलं, 'खरंच तू?'

"अगं, हे वाचून मला तुमचं गाव दिसंना," त्या म्हणाल्या. "सगळीकडं तूच दिसतीस."

मी म्हटलं, "मॅडम, त्यांनीच नेतृत्व विचारलंय."

"मग नेतृत्व सांग. कुठं अडलं, काय चुकलं, ते कोण लिहिणार?"

चुकलेलं एक होतं, आणि ते मी मुद्दाम गाळलं होतं. आमच्या मळ्याकडं एक गुऱ्हाळघर आहे. हंगाम संपल्यावर तिथं राखणीला एक कुटुंब राहायचं. घराला नंबर नाही, गल्ली नाही, म्हणून वहीत नाही. २०२१ ला ती माणसं रात्री कमरेएवढ्या पाण्यातून आपली आपण रस्त्याला आली. दोन शेळ्या गेल्या. सकाळी सोनतळीला त्या बाईनं मला विचारलं, "तुमच्या वहीत आमचं नाव न्हाई व्हय?" रागानं नाही, खरंच विचारलं. तीन वर्षं ते वाक्य मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यानंतर वहीत 'गावठाणाबाहेर' असं पान काढलं : गुऱ्हाळं, वीटभट्टी, पोल्ट्री, मळ्यातल्या वस्त्या. २३ नोंदी झाल्या.

मॅडम ऐकून घेऊन म्हणाल्या, "इथनं सुरू कर."

निबंध परत लिहिला. ६०० शब्दांत बसायला चार रात्री गेल्या. कोणी काय केलं ते वेगवेगळं लिहिलं : घरं फिरलो चौघी, औषधांचा रकाना सुचवला चुलतबहिणीनं, वही दरवर्षी नव्यानं तपासायची हा हट्ट माझा. हट्ट हे नेतृत्वात मोडतं का, कुणास ठाऊक. पण माझं म्हणावं असं तेच होतं.

पुराव्यांनी मात्र घाम काढला. 'केलेल्या कार्याची छायाचित्रे, प्रमाणपत्रे, वृत्तपत्रीय कात्रणे जोडावीत.' आमच्याकडं यातलं काहीच नाही. पाण्यात म्हशी ओढताना फोटो कोण काढणार? शेवटी वहीच्या बारा पानांची झेरॉक्स जोडली, फोन नंबर आणि आजारांचे रकाने पांढऱ्या पट्टीनं झाकून. लोकांनी ती माहिती पुरासाठी दिलेली, माझ्या शिष्यवृत्तीसाठी नव्हे. हे झाकायचं पण मला सुचलं नव्हतं, झेरॉक्सवाल्या दादांनी विचारलं, "हे असं जाऊ देऊ का सगळं?"

दोन शिफारसपत्रं लागत होती, नात्यातल्या माणसांची चालत नव्हती. एक गावातल्या एका प्रतिष्ठित माणसाकडून आणलं. 'सदर विद्यार्थिनी सुशील, होतकरू व मेहनती असून तिच्या उज्ज्वल भवितव्यास शुभेच्छा.' त्या पत्रात माझं नाव काढून कुणाचंही घातलं असतं तरी चाललं असतं. दुसरं आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावातल्या आरोग्यसेविकेनं दिलं. वहीच्याच कागदावर, हातानं, अर्धं पान. कुठल्या तारखेला कुठल्या घरातल्या बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या आणि ते वहीमुळं कसं कळलं, एवढंच. खाली सही आणि शिक्का. मला वाटलं, हे काय साधंच पत्र. मुलाखतीत टेबलावर वर ठेवलेलं तेच होतं.

उत्पन्नाच्या दाखल्याची कहाणी थोडक्यात सांगते, कारण ती सगळ्यांची सारखीच असते. वडिलांच्या नावात सातबाऱ्यावर 'राव' आहे, आधारवर नाही. एका केंद्रात अर्ज भरताना त्यांनी तिसरंच काहीतरी टाइप केलं आणि मी न वाचता बरं म्हटलं. दुरुस्तीला नऊ दिवस. बारावीची परीक्षा झाली की निकालाची वाट न बघता हा दाखला काढून ठेवा. जूनमध्ये अख्खा तालुका तिथं उभा असतो. आणि प्रिंट काढायच्या आधी स्क्रीनवर नाव एकेक अक्षर वाचा, मागं रांग कितीही कुरकुरू दे.

२८ जूनला फॉर्म गेला. जुलैच्या मध्यात मुलाखतीचा फोन आला, दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात. चौकात शाहू महाराजांचा पुतळा, आजूबाजूला त्यांच्या काळातली बोर्डिंगं. पहिलं मराठा बोर्डिंग १९०१ चं, मग जैन, मुस्लिम, १९०८ ला मिस क्लार्क बोर्डिंग. लहानपणापासून त्या रस्त्यानं गेलेय, पण त्या दिवशी वेगळंच डोक्यात आलं. त्याच महिन्यात सरकारचा निर्णय आला होता : ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ. मला पुण्यात सिव्हिल इंजिनिअरिंगला जायचं होतं. फी माफ झाली, पण मेस कुठं माफ होते? खोलीचं भाडं? गावाकडचं पोर फीपेक्षा 'राहायचं कुठं, जेवायचं काय' इथं अडतं, हे ज्या राजाला सव्वाशे वर्षांपूर्वी कळलं त्यानं शाळांबरोबर वसतिगृहं काढली. मला हे ४० हजार त्यासाठीच हवे होते, आणि फॉर्मवर 'रक्कम कशासाठी' यापुढं मी सरळ 'मेस आणि खोली' लिहिलं होतं. मैत्रीण म्हणाली होती, काहीतरी भारदस्त लिही.

बाहेर बाकावर आम्ही नऊ जण. एकाच्या फाइलमध्ये वृक्षारोपणाची इतकी प्रमाणपत्रं की बंद होईना. एक मुलगी इचलकरंजीहून आलेली, यंत्रमाग कामगारांच्या मुलांना संध्याकाळी शिकवायची. तिच्याकडंही फक्त हजेरीची वही. दोघींनी एकमेकींच्या वह्या चाळल्या आणि जरा धीर आला.

आत तिघं होते. मी बोलायला लागले आणि तोंडातनं गेलं, "मी त्या दिवशी सोनतळीला गेलतो." मधल्या बाई हसल्या. त्या पुण्याच्या असाव्यात. आमच्याकडच्या पोरी बोलताना गेलो, आलो, करतो असंच म्हणतात, लिहिताना तेवढं 'गेले' लिहितो. मी सावरायला गेले तर त्याच म्हणाल्या, "असू दे, तसंच बोल."

मग कडेला बसलेल्या सरांनी विचारलं, "मला सांग, याला नेतृत्व म्हणायचं की यादी?"

तयारीत हा प्रश्न नव्हता. मी म्हटलं, "यादीच आहे सर. पण ती करायला कुणी बसत नव्हतं."

ते काही बोलले नाहीत, लिहून घेतलं. गुऱ्हाळावरच्या कुटुंबाबद्दल दहा मिनिटं विचारलं. ती माणसं आता कुठं आहेत, शेळ्यांची भरपाई मिळाली का, २३ नोंदींतल्या किती जणांनी स्वतःहून माहिती दिली. भरपाईचं मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. शेवटचा प्रश्न बाईंचा : "तू पुण्याला गेलीस की वही कोण बघणार?"

"अजून ठरवलं नाही."

बाहेर आल्यावर स्वतःचाच राग आला. एवढं सोपं उत्तर तयार नसावं? घरी जाताना वडापाव घेतला, तोही नीट गेला नाही.

ट्रस्टची घरभेट जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठरली होती आणि नेमकं पाणी आलं. बंधाऱ्यावर ४३ च्या वर. वही बाहेर निघाली, आम्ही सोनतळीला. मी ट्रस्टला फोन करून सांगितलं की पत्त्यावर सध्या पाणी आहे. ऑगस्टमध्ये त्यांच्या ताई आल्या तेव्हा भिंतीला अजून ओल होती. त्यांनी आईला विचारलं, पोरगी वहीच्या नादात अभ्यास करत नव्हती का? आई म्हणाली, "करायची की. पण पावसाळ्यात कुणाचं लक्ष लागतंय इथं?" वही बघायची म्हणाल्या. ती घरात नव्हती. पलीकडच्या गल्लीतला नववीतला पोरगा घेऊन गेला होता, परतलेल्या घरांवर खुणा करायला. मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यानंच मागून नेली होती. ताई त्याच्या घरी गेल्या, अर्धा तास बसल्या, मला बोलावलंही नाही.

सप्टेंबरात निवड झाल्याचं पत्र आलं. पैसे नोव्हेंबरात, कारण माझं खातं शाळेत असताना काढलेलं मायनर अकाउंट. अठरा पूर्ण झाल्यावर नव्यानं सही आणि केवायसी करावी लागते, हे बँकेतनं रक्कम परत गेल्यावर कळलं. दोन महिने मेसवाल्या काकूंनी थांबून घेतलं. बारावीच्या पोरापोरींनो, पासबुक घेऊन एकदा बँकेत जाऊन या.

दरवर्षी नूतनीकरणाचा एक पानी फॉर्म असतो. २०२५ च्या जूनमध्ये आला, त्यात 'मागील वर्षात केलेले समाजकार्य' असा मोठा चौकोन. मी पुण्यात वर्षभर सबमिशनं केली, दुसरं काही नाही. तेच लिहिलं. खाली लिहिलं की वही आता त्या पोराकडं आहे, त्यानं फोन नंबरच्या शेजारी 'पॉवर बँक आहे का' असा रकाना वाढवलाय, जो आम्हा चौघींना पाच वर्षांत सुचला नाही, आणि मी इथनं फक्त बाहेरगावी राहायला गेलेल्या १७ घरांचे नवे नंबर फोन करून मिळवून दिले. चौकोन अर्धा रिकामाच राहिला. ऑगस्टमध्ये हप्ता जमा झाला.