अंगणवाडी का व्हॅन?

जून जवळ आला की आमच्या गावात (जळगाव जिल्हा, केळीचा पट्टा) पारावर एकच विषय, पोराला कुठं टाकायचं. ऑप्शन तसे दोनच. गावातली अंगणवाडी, नाहीतर तालुक्याची इंग्लिश मिडीयम नर्सरी, जिची व्हॅन सकाळी चौकात हॉर्न मारते आणि तीन-साडेतीन वर्षांची पोरं अर्धवट झोपेत आत कोंबली जातात, मार्चमधे तीच पोरं दुपारच्या उन्हात लालबुंद होऊन परत येतात. झेडपी शाळा पहिलीपासून आणि आरटीई (शिक्षण हक्क) कायदा पण ६ ते १४ वयाचाच, त्यामुळे त्याआधी सरकारी असं जे काही आहे ते अंगणवाडीच.

लोक म्हणतात, तिथं काय, खिचडी खातात न् घरी येतात. अरे खाऊ द्या की! १९७५ ला आयसीडीएस (अंगणवाडी ज्यातून चालते ती सरकारी योजना) सुरू झालं तेच आहार, लसीकरण, तपासणी आणि शाळेआधीचं शिक्षण एकत्र धरून. आमच्या सेविकाताई चिंचोके मोजायला लावतात, गाणी म्हणतात, आणि मुख्य म्हणजे पोरांशी अहिराणीत बोलतात. "ताई, माले पानी दे" म्हटलं की पाणी मिळतं, नर्सरीत इंग्लिश वाक्य पाठ होईपर्यंत पोरगं तहानलेलं.

पण पाहुणे आले की परीक्षा एकच, एबीसीडी म्हणून दाखव. गोष्ट ऐकून पुढं काय होईल ते पोरगं सांगतं का, दुसऱ्याशी खेळतं का, हे कोणी विचारत नाही.

आता अंगणवाडीत सगळं छान आहे असंही नाही हां. एकच खोली, तीन, चार, पाच वर्षांची पोरं एकत्र, आणि ताईंचा निम्मा वेळ पोषण ट्रॅकर अॅपमधे माहिती भरण्यात, वजन-उंचीत, टीएचआर (घरी न्यायचा आहार) वाटपात, गरोदर बायांच्या घरी चकरा मारण्यात जातो. शिकवायचं कधी? एवढं करून हातात पगार नाही, मानधन. डिसेंबर २०२३ मधे राज्यभर संप झाला तो पार जानेवारीपर्यंत चालला, आमच्याकडं तेव्हाच बऱ्याच जणांनी व्हॅन धरली, आणि एकदा गेलेलं पोरगं परत येत नाही.

२०२० च्या शैक्षणिक धोरणात ३ ते ८ वय हा एकच टप्पा धरलाय. गावात मात्र अंगणवाडी महिला-बालविकासकडं, शाळा शिक्षण खात्याकडं, आणि पहिलीच्या गुरुजींना आलेलं पोरगं आधी काय शिकलं ते माहितीच नसतं. पटसंख्या घटल्यामुळं शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात, अंगणवाडी तिथं हलवली तर निदान गुरुजी न् ताई रोज भेटतील तरी. ग्रामसभेत ठराव मांडायचाय. सरपंचांच्या कानावर घातलं, तर म्हणे आधी त्या खोल्यांतल्या मोडक्या बाकांचं काय करायचं ते सांग.