नालीतून उलटं आलेलं पाणी

आज सकाळपासून नागपुरात नाग नदीकाठच्या एका वस्तीत मोबाईल घेऊन फिरत होतो. ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर, गल्ल्या आणि नाल्या भरायच्या होत्या. उपग्रहाच्या चित्रात ही वस्ती म्हणजे टिनाच्या छपरांचा एक सलग पट्टा, गल्ली दिसतच नाही. मोबाईलचं जीपीएस मोकळ्या जागी पाचेक मीटरपर्यंत नेमकं सांगतं, पण भिंतींच्या मध्ये शिरलो की भरकटतं. शेवटी पावलं मोजून कागदावर काढलं.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हाची पाण्याची खूण अजून काही भिंतींवर आहे. एका काकाजींनी ती हातानं दाखवली, छातीच्या जरा खाली. मी विचारलं, नदीकडून पाणी आलं का? म्हणाले, "नाही ना बाप्पा! नदी तर मागून आली. पहिले ह्या नालीतूनच पाणी उलटं आलं."

मी तिथेच थांबलो. जमिनीच्या उंचीचा जो मोफत डेटा आम्ही वापरतो त्यातला एक ठिपका सुमारे ३० मीटरचा असतो. त्यात ही अख्खी गल्ली मावते. नालीचा उतार त्यात कुठून दिसणार? मग काकाजींनाच सोबत घेतलं. पाणी कोणत्या घरात आधी शिरलं, कोणत्या शेवटी, हे त्यांनी दारोदार सांगितलं. मधूनमधून मावश्या त्यांना दुरुस्त करत होत्या, आणि बहुतेक वेळा मावश्याच बरोबर निघाल्या.

एकूण २७ घरं नोंदवली. रात्री नकाशावर चढवतोय. उद्या नाल्यांची खोली मोजायची आहे. कुणाकडे लांब टेप असेल तर कळवा.