आचारसंहितेच्या दिवशीचा धूमकेतू

त्सुचिनशान-अॅटलास हा धूमकेतू सगळ्यात तेजस्वी झाला तो नेमका ज्या दिवसांत त्याला डोळ्यांनी बघणं जवळजवळ अशक्य होतं त्या दिवसांत. २०२४ च्या ऑक्टोबरात, साधारण ८ ते १० तारखेला, तो सूर्य आणि पृथ्वी यांच्या मध्ये आला. दाराच्या फटीतून आलेल्या कवडशात समोरून बघितलं की धूळ झगझगते आणि बाजूला सरकलं की नाहीशी होते, तसंच इथे घडत होतं. धूमकेतूची धूळ मागून येणारा सूर्यप्रकाश थेट आपल्याकडे पुढे फेकत होती. तेज शुक्राच्या तोडीचं, पण सूर्यापासून अंतर काही अंशांचंच. सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानाच्या कॅमेऱ्यात, जिथे सूर्याचं बिंब चकतीनेच झाकलेलं असतं, तिथे तो लख्ख दिसत होता. जमिनीवर आपण फक्त त्या छायाचित्रांकडे बघून हळहळायचं.

मी साताऱ्यात एका दैनिकासाठी फोटो काढतो. त्या आठवड्यात डेस्कवरून फोन आला, ‘एवढा चमकतोय म्हणतात, तर दुपारीच काढ की.’ टेलिलेन्स सूर्याच्या शेजारी रोखली आणि हात जरा हलला, तर सेन्सर भाजतो. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असेल तर डोळाही जातो. हे समजावण्यात माझी दहा मिनिटं गेली. समोरच्याला पटलं असं नाही, पण लेन्सची किंमत सांगितल्यावर विषय थांबला.

सप्टेंबरअखेर तो पहाटे पूर्वेला होता. २७ सप्टेंबरला तो सूर्याच्या सर्वांत जवळ, पावणेसहा कोटी किलोमीटरच्या आसपास पोहोचला आणि न फुटता पार झाला. तो वाटेतच विखरून जाईल असं भाकीत जुलैत एका अभ्यासकाने केलं होतं, म्हणून तोवर कुणी फारशी आशा धरली नव्हती. बंगळुरू-हैदराबादकडच्या मंडळींनी त्या पहाटेचे देखणे फोटो टाकले. आमच्याकडे मात्र पहाटेचं आभाळ ढगांनी भरलेलं. परतीच्या पावसाने त्या वर्षी सोयाबीनवाल्यांना जसं छळलं तसंच आम्हालाही.

त्यामुळे सगळी भिस्त संध्याकाळच्या आकाशावर. १२ तारखेला तो पृथ्वीच्या सर्वांत जवळ, सात कोटी किलोमीटरवर होता आणि त्याच संध्याकाळी दसरा. सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासात, क्षितिजापासून चार बोटं वर तो दिसू शकत होता, पण त्या वेळी मी शाही सीमोल्लंघनाच्या गर्दीत पोवई नाक्यावर अडकलेलो. पुढचे दोन दिवस पश्चिमेला ढग. प्रत्येक दिवसागणिक तो सूर्यापासून लांब जात होता, म्हणजे जास्त वेळ आणि जास्त उंचावर दिसणार होता. पण फिकाही होत होता, आणि कोजागरी जवळ आल्याने चंद्र मोठा होत चाललेला. हे तीन हिशेब एकमेकांवर ठेवले की कामाची संध्याकाळ एकच उरत होती, १५ तारीख.

नुसत्या आकाशाचा फोटो मला नको होता. काळ्या पार्श्वभूमीवर एक पांढरा फराटा हा फोटो नागपूरहून काढला काय आणि न्यूझीलंडहून काढला काय, सारखाच. वर्तमानपत्रातला फोटो बघून वाचकाला कळलं पाहिजे की हे आपल्याकडचं आहे. त्यासाठी सज्जनगड मनात धरला होता. मोबाइलमधल्या नकाशावर रेघ मारून पाहिली. त्या दिवशी धूमकेतू जवळपास सरळ पश्चिमेला मावळणार होता, म्हणजे गडाच्या बरोबर पूर्वेला उभं राहायचं. गड तीन-साडेतीन किलोमीटरवर असला की तो क्षितिजापासून पाच-सहा अंश उठतो आणि ८५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये उभ्या चौकटीत गड खाली, धूमकेतू वर, शेपटीला जागा, असं सगळं बसतं.

आणि नेमकी त्याच दिवशी, दुपारी साडेतीनला, निवडणूक आयोगाची पत्रकार परिषद. विधानसभेसाठी २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला मतमोजणी, आचारसंहिता तत्काळ लागू. ऑफिसात एकच धांदल. मला पक्ष कार्यालयांसमोरचे फोटो सांगितले होते. ते साडेपाचपर्यंत उरकले, कार्ड ऑफिसात टाकलं आणि मोटरसायकल सज्जनगडाच्या वाटेवरच्या बोगद्याच्या दिशेने काढली. हवामान खात्याने त्याच दिवशी मान्सून देशातून परतल्याचं जाहीर केलं होतं. पण बोगदा ओलांडल्यावर माझ्या रेनकोटला ते कळलेलं नव्हतं.

पाऊस पंधरा मिनिटांत थांबला. मी ठरवलेल्या बांधावर पोहोचलो तेव्हा पश्चिमेला ढगांचा पडदा खालून फाटत चालला होता आणि गडामागचं आभाळ पिवळं-केशरी झालं होतं. शेजारच्या खळ्यावर सोयाबीनची गंजी ताडपत्रीखाली झाकलेली. ताडपत्रीच्या कडांवर दगड, आणि मध्ये साचलेलं पाणी एक बाई झाडूने सारत होती. खळ्याचा मालक माझ्याकडे आला.

‘‘पाव्हणं, मोजणीवालं का?’’

‘‘नाही दादा, पेपरचा आहे. धूमकेतूचा फोटो काढायचाय.’’

जमिनीची मोजणी नाही हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. धूमकेतू कुठला, हे त्याने लगेच विचारलंही नाही.

सूर्य सव्वासहाच्या आत मावळला. नैऋत्येला शुक्र आधी उगवल्यासारखा उघडा पडला. त्याच्यावर फोकस धरला, पडद्यावर दहापट मोठा करून तो ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा होईपर्यंत रिंग फिरवली आणि रिंगवर चिकटपट्टी लावली. अंधारात हात लागून फोकस हलला की सगळी संध्याकाळ वाया, म्हणून ही पट्टी मी नेहमी आधीच फाडून ट्रायपॉडच्या पायावर चिकटवून ठेवतो. मग शुक्र आणि उजवीकडचा स्वाती यांच्यामधली जागा नजरेने विंचरायला लागलो. पावणेसातला काही नाही. सातला एक क्षणभर वाटलं, मग नाही. साधारण पाच मिनिटांनी कॅमेऱ्याच्या अडीच सेकंदांच्या फ्रेममध्ये तो आला आणि कुठे बघायचं ते समजल्यावर डोळ्यांनाही दिसला. एक धुरकट तारा, त्यातून जवळजवळ सरळ वर गेलेला उजेडाचा पट्टा. आपल्या अक्षांशावरून त्या दिवसांत शेपूट अशी उभीच दिसत होती. युरोप-अमेरिकेतल्या फोटोंत ती तिरकी होती.

खरं सांगायचं तर डोळ्यांना दिसणारं दृश्य फोटोइतकं भव्य नव्हतंच. १९९७ चा हेल-बॉप ज्यांनी पाहिलाय त्यांना हा किरकोळच वाटला असेल. तो शहरातल्या गच्चीवरूनही डोळ्यांत भरायचा. याची शेपूट मात्र नजर थोडी बाजूला ठेवली की लांबत जायची, थेट रोखून पाहिलं की आखडायची.

खळ्यावरचा मालक पुन्हा आला, मागे त्याची आई. त्याने फोन काढला, नाइट मोड लावला, फोन माझ्या पेटीवर टेकवला आणि तीन सेकंदांत त्याच्या पडद्यावर शेपटीसकट धूमकेतू. माझ्या तोंडाकडे बघून तो म्हणाला, ‘‘आलं की ओ, ह्याच्यात बी आलं.’’ म्हातारीने आधी फोनमध्ये पाहिलं, मग आभाळात, मग हात जोडले.

‘‘शेंडेनक्षत्र हाय. राजाला वाईट आसतं म्हनं.’’

कुठल्या राजाला, ते तिने सांगितलं नाही. दुपारच्या बातम्या ऐकलेल्या असल्याने मीही विचारलं नाही.

साडेसातच्या आसपास चंद्र मागून, पूर्वेकडून, चांगला वर आला आणि ज्याची मला भीती होती त्याचाच फायदा झाला. शेपटीचा वरचा फिका भाग चांदण्यात विरघळला खरा, पण गडाचे कातळ उजळले. तटाची रेघ, पायथ्याची झाडी, वरचे दिवे, सगळं एकाच फ्रेममध्ये उतरलं. नाहीतर गडाचा नुसता काळा ठोकळा आला असता. आयएसओ सोळाशे, अडीच सेकंद. त्याहून जास्त वेळ शटर उघडं ठेवलं की पृथ्वी फिरते आणि ताऱ्यांच्या रेघा होतात. धूमकेतू गडावर दहा अंशांवर आला तेव्हाची फ्रेम माझ्या मते त्या संध्याकाळची. आठनंतर तो खालच्या धुरकट थरात शिरला आणि तांबूस होत संपला.

फोटो बांधावरूनच पाठवला. मुख्य कार्यालयातून दोन मिनिटांत फोन.

‘‘अरे, शेपूट एवढंच? नेटवर बघ लोकांचे कसे आलेत.’’

नेटवरच्या त्या फोटोंत पन्नास-शंभर फ्रेम एकावर एक रचलेल्या असतात, कॅमेरा ताऱ्यांबरोबर फिरवणारं यंत्र असतं. त्यात खोटं काही नाही. हौशी खगोलवाल्यांची ती रीतच आहे आणि त्यातून धुळीचे बारकावे कळतात. त्या दिवसांत पृथ्वी धूमकेतूच्या कक्षेच्या पातळीतून गेली तेव्हा सूर्याच्या दिशेने निघालेली दुसरी, बारीक उलटी शेपूटही अशाच फोटोंत ठळक उठली. पण बातमीचा फोटो म्हणून मी एका क्लिकचा देतो. गड वेगळा, आभाळ वेगळं आणि शेपूट ओढून लांब केलेली, असं माझ्या नावाखाली छापायचं नाही, एवढंच मी म्हणालो. पलीकडचा वैतागला. त्याला तरी कुठे वेळ होता, चार पानं निवडणुकीची लावायची होती.

‘ऐंशी हजार वर्षांनी येणारा पाहुणा’ असा मथळा तयारच होता. तोही बदलायला सांगितला. या धूमकेतूची कक्षा इतकी लांबट आहे की तो पुन्हा येईल की कायमचा बाहेर फेकला जाईल हेच पक्कं नाही, मग वर्षं कसली मोजायची? मथळा बदलला नाही. फोटो सहाव्या पानावर दोन कॉलम लागला, सज्जनगडाचं नाव बरोबर होतं आणि धूमकेतूचं नाव ‘त्सुनामी-अॅटलास’ छापलं होतं.

सकाळी सातला मी राजवाड्याजवळ फ्लेक्स उतरवणाऱ्या पालिकेच्या माणसांचे फोटो काढत होतो. तेवढ्यात खळ्यावरच्या मालकाचा फोन आला. पेपर त्याच्या गावात पोहोचला होता. फोटोत त्याची ताडपत्री का आली नाही, असं तो विचारत होता.