सोलापूर ते गुझेन, नऊ वॅटच्या बल्बच्या मागे

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि दुसऱ्या दिवशी रात्री मी आणि माझा मावसभाऊ सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलो. ऑक्टोबर 2024. दिवाळी अडीच आठवड्यांवर आलेली, दुकानात माळा, कंदिलातले बल्ब, होल्डर, वायर सगळ्याची झुंबड आणि आम्ही दोघं निघालो चीनला. बाबा फक्त एवढंच म्हणाले, "सीझन सोडून जायलास तर नीट बघून ये, सॅम्पलवर भुलू नकोस."

ते सॅम्पलवर का बोलले ते आधी सांगतो, कारण सगळा प्रवास त्याच्यासाठीच होता.

तीन वर्षांपूर्वी आम्ही एका आयातदाराकडून नऊ वॅटचे दहा हजार एलईडी बल्ब घेतले होते. सॅम्पल एक नंबर होतं, महिनाभर दुकानात लावून ठेवलं, काही झालं नाही. माल आला, खोक्यावर दोन वर्षांची गॅरंटी छापलेली, खेड्यापाड्यातल्या दुकानांना आम्ही विश्वासाने दिला. दोन महिन्यांत पोती भरून बल्ब परत यायला लागले. मोहोळ तालुक्यातल्या एका वस्तीवरची आजी एसटीने आली होती, पदराच्या गाठीत बिल आणि पिशवीत दोन बल्ब, प्रत्येक बल्ब जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेला. म्हणाली, "बाळा, नातू दहावीला हाय, उजेड पायजे." तिचं तिकीट आणि दिवसाची मजुरी बल्बच्या किमतीपेक्षा जास्त गेली असणार. मी बदलून दिले, सगळ्यांनाच बदलून दिले, खिशातून. पण तो साडीचा तुकडा काही डोक्यातून गेला नाही.

मावसभाऊ रिपेरिंगचं काम करतो, त्याने परत आलेले बल्ब फोडून बघितले आणि ते जुनं सॅम्पलही फोडलं, तर आतला ड्रायव्हर, म्हणजे चिपला नेमका करंट देणारं सर्किट, तो वेगळा! सॅम्पलमध्ये नीट कॉइल, आयसी, 105 डिग्रीचा कपॅसिटर आणि मालात पातळ प्लेटवरच सगळं चिकटवलेलं. बाहेरून बघायला दोन्ही जुळे भाऊ. तेव्हाच ठरवलं की पुढच्या वेळी जिथे बनतो तिथे जाऊन, उघडून, बघून घ्यायचा.

मुंबईहून चीनला थेट विमान त्या वेळी नव्हतं, म्हणून हाँगकाँगमार्गे गेलो. हाँगकाँगला भारतीयांना व्हिसा लागत नाही पण आधी ऑनलाइन नोंदणी करून तो कागद जवळ ठेवावा लागतो, हे बरेच जण विसरतात आणि एअरपोर्टवर अडकतात. चीनचा बिझनेस व्हिसा आधीच काढलेला. वेस्ट काउलून स्टेशनात एकाच इमारतीत हाँगकाँगचं आणि चीनचं इमिग्रेशन होतं, तिथून फास्ट ट्रेनने तासाभरात ग्वांगझौ. डब्यात कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी उघडली तर शेजारच्या बाईने वास घेऊन हसून मान हलवली, तिलाही दिली, तिने खाल्ली आणि पाण्याची अख्खी बाटली संपवली पण अंगठा वर केला.

15 तारखेला तिथे कँटन फेअर सुरू झाली. हे प्रदर्शन 1957 पासून दरवर्षी दोनदा भरतं, आम्ही गेलो ते 136 वं होतं. तीन टप्प्यांत असतं आणि लाइटिंग पहिल्या टप्प्यात, त्यामुळे तारीख चुकली तर जाऊन टॉवेल आणि खेळणीच बघावी लागतील. प्रदर्शनाचे पाझोउ भागातले हॉल म्हणजे काय सांगू, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला चालत जायचं तर सोलापुरात नवी पेठेतून निघून सात रस्ता गाठल्यासारखं वाटतं, पाय बोलायला लागतात.

तिथे दोन दिवस मी फक्त एक गोष्ट बघत होतो, कोणत्या स्टॉलवर कुठला गिऱ्हाईक थांबतोय. साध्या नऊ वॅटच्या बल्बपुढे गर्दीच नव्हती. पाच वर्षांपूर्वी जे गेले होते ते सांगायचे की बल्बच्या स्टॉलवर उभं राहायला जागा नसायची. आता आफ्रिकेतले व्यापारी रिचार्जेबल बल्बपुढे, म्हणजे आपण ज्याला इन्व्हर्टर बल्ब म्हणतो तो, लाईट गेली तरी आतल्या बॅटरीवर चालणारा. दक्षिण आफ्रिकेत 2022-23 मध्ये रोज तासन्‌तास लोडशेडिंग होतं, तेव्हापासून हा माल तिकडे जोरात गेला. युरोपवाले वेगळेच, ते बल्ब हातात पण घेत नाहीत, आधी टेस्ट रिपोर्टची फाइल मागतात. तिकडे 1 सप्टेंबर 2021 पासून ए ते जी असं नवं लेबल आलंय आणि उजेड किती लुकलुकतो याचीही मर्यादा आहे. फेब्रुवारी 2023 पासून सीएफएल आणि त्याच ऑगस्टपासून नेहमीच्या ट्यूब नवीन विकायला बंद, म्हणून एलईडी ट्यूबची मागणी. अमेरिकेत 1 ऑगस्ट 2023 पासून एका वॅटला 45 लुमेनपेक्षा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) कमी देणारा घरगुती बल्ब विकता येत नाही, म्हणजे पिवळा तारेचा बल्ब तिथून गेलाच, आणि 2018 पासून चिनी मालावर वाढीव कर असल्यामुळे बऱ्याच स्टॉलवाल्यांच्या कार्डावर आता दुसरा पत्ता छापलेला, व्हिएतनाम, थायलंड, कंबोडिया.

आणि भारत? आम्ही "इंडिया" म्हटलं की सेल्सच्या पोरी तयार बल्बचं कॅटलॉग बाजूला ठेवून सुट्या भागांचं काढायच्या. हाउसिंग, वरची पांढरी टोपी, अॅल्युमिनियमची प्लेट, चिप. एक जण सरळ म्हणाला, इंडियन लोक आता बल्ब नाही घेत, बल्बचं पोट घेतात. त्याचं बरोबर होतं. आपल्याकडे जानेवारी 2015 ला उजाला योजना आली, 36 कोटींच्या वर बल्ब वाटले गेले आणि सरकारी खरेदीचा भाव 2014 च्या सुरुवातीला 310 रुपये होता तो दोन-तीन वर्षांत 38 रुपयांवर आला. एवढ्या खपावर नोएडापासून पुण्यापर्यंत जोडणीचे कारखाने उभे राहिले. पुढे 2021 ला एसी आणि एलईडीच्या सुट्या भागांसाठी 6238 कोटींची पीएलआय, म्हणजे इथे बनवणाऱ्याला प्रोत्साहन रक्कम देणारी योजना आली. त्यामुळे आज साधा बल्ब तिकडून आणायला, भाडं, ड्युटी, वर 18 टक्के जीएसटी धरला तर परवडत नाही. हे मी कॅल्क्युलेटरवर हॉटेलात रात्री एक वाजेपर्यंत चारदा केलं, उत्तर तेच येत होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ग्वांगझौ साउथवरून लोकल फास्ट ट्रेन पकडून गुझेनला गेलो. झोंगशान शहरातलं हे गाव, चीनची दिव्यांची राजधानी म्हणतात याला. स्टेशनातून बाहेर आलो आणि जिकडे बघावं तिकडे दिवेच. मुख्य रस्त्याला दहा ली दिव्यांचा रस्ता म्हणतात, ली म्हणजे साधारण अर्धा किलोमीटर. मुंबईची लोहार चाळ आणि पुण्याची तपकीर गल्ली एकापुढे एक शंभर वेळा मांडली तर कदाचित अंदाज येईल. एका दुकानात फक्त स्क्रू, एका दुकानात फक्त झुंबराचे काचेचे लोलक, एकात फक्त होल्डर. आपला पिन टाइप होल्डर बघून इतकं बरं वाटलं, कारण तिकडे सगळीकडे आट्यांचाच चालतो.

एका दुकानात पाच बल्ब ओळीने लावले होते, सगळे नऊ वॅट, सगळे सारखे दिसणारे. भाव दीड युआनपासून सव्वातीन युआनपर्यंत, म्हणजे साधारण 18 रुपयांपासून 38 रुपयांपर्यंत. दुभाषी मुलीला म्हटलं, विचार यांना फरक काय? दुकानदार बाईंनी काही न बोलता स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मावसभावाचे डोळे चमकले! त्याने स्टूल ओढलं आणि पाचही उघडले. टोपी मनगटाच्या एका झटक्यात निघते, खाली पांढरी गोल प्लेट, त्यावर तांदळाच्या दाण्याएवढ्या चिप. दीड युआनवाल्यात चिप सहा, सव्वातीनवाल्यात बारा. तेवढाच उजेड सहा चिपकडून काढायचा म्हणजे त्या तापणार आणि तापल्या की मरणार. स्वस्तातल्याला वेगळा ड्रायव्हरच नाही, प्लेटवरच एक आयसी, त्याला डीओबी म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा जवळ नेला तर स्क्रीनवर काळ्या पट्ट्या पळायला लागल्या, म्हणजे उजेड लुकलुकतोय. महागातल्यात खाली हिरवी वेगळी पट्टी, त्यावर कॉइल, फ्युज रेझिस्टर आणि टम्म काळा कपॅसिटर. बाहेरच्या प्लास्टिकच्या आत अॅल्युमिनियमची वाटी असते, ती एकात नखाने दबत होती. वॅटमीटरला लावले तर पहिला नऊ नाही, सव्वासात वॅट खात होता.

म्हणजे त्या बाई खोटं बोलतच नव्हत्या. त्यांनी पाचही प्रकार समोर मांडले होते, विचारलं तर आत काय आहे ते दाखवलं. फसवणूक पुढे कुठेतरी होते, जेव्हा सव्वातीनचं सॅम्पल दाखवून दीडचा माल भरला जातो. मला हे इतकं लागलं की मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

दुपारी शेजारच्या हंगलानमध्ये कारखाना बघायला गेलो. यांच्याकडे बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी होती म्हणून हाच निवडला. हे नवीन लोकांनी नीट समजून घ्या, आपल्याकडे एलईडी बल्बला बीआयएस नोंदणी सक्तीची आहे, ती त्या कारखान्याच्या पत्त्यावर आणि त्या ब्रँडवर मिळते, सॅम्पल भारतातल्या लॅबमध्ये पास व्हावं लागतं आणि परदेशी कारखान्याला भारतात अधिकृत प्रतिनिधी नेमावा लागतो. कोणी म्हणालं की आमच्याकडे आर नंबर (या नोंदणीचा नंबर) आहे, तर तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाका, कारखाना कोणता आणि ब्रँड कोणता ते जुळतंय का बघा. नाहीतर न्हावा शेवा बंदरात कंटेनर अडकतो आणि रोजचं भाडं चढत जातं.

कारखान्यात सगळ्यात जास्त वेळ मी एजिंग लाइनपाशी होतो. तयार बल्ब पट्ट्यावरून सरकत जातात, शेकड्याने पेटलेले, मध्येच सगळे विझतात, परत पेटतात. कच्चा बल्ब इथेच मरायला पाहिजे, गिऱ्हाइकाच्या घरी नाही. एक वयस्क बाई टोपी घालून मेलेले बल्ब वेचून लाल क्रेटमध्ये टाकत होत्या. दुभाषी मुलीने त्यांना हाक मारली, "आयी!" मी दचकलोच. त्यांच्यात मावशीला, काकूला, मोठ्या कुठल्याही बाईला आयी म्हणतात. लाल क्रेटमध्ये त्या वेळी अकरा बल्ब होते, मी मोजले.

इंजिनीअरला मी आमच्या वस्त्यांवरची परिस्थिती सांगितली. संध्याकाळी मोटारी चालू असल्या की व्होल्टेज 160-170 वर येतं, पहाटे मोटारी बंद पडल्या की 280 ला पण जातं, रात्रभर लाईट डीम-फुल. त्याला आधी पटेना, दुभाषी मुलीला दोनदा विचारलं. मग मावसभावाने फोनमधला व्हिडिओ दाखवला, वस्तीवरच्या बोर्डाला मीटर लावून काढलेला. तो बघत राहिला, मग उठून दुसऱ्या टेबलावरून मोठ्या कपॅसिटरचा ड्रायव्हर घेऊन आला आणि म्हणाला हा घ्या, 100 ते 300 व्होल्ट, युरोपला हा कोणी मागत नाही. पंधरा-वीस पैशांचा नाही, चांगला अर्ध्या युआनचा फरक होता.

चहाच्या वेळी मालकांनी विचारलं, इंडियात कुठून? मुंबई सांगितलं की सगळ्यांना कळतं, पण मी सोलापूरच सांगितलं आणि डॉ. कोटणीसांचं गाव म्हणालो. दुभाषी मुलीला नाव कळेना, मी फोनमध्ये फोटो काढून दाखवला तर साठीचे मालक खुर्चीतून उठले, "के दिहुआ! के दिहुआ!" चीनमध्ये त्यांना त्या नावाने ओळखतात. 1938 ला आमच्या गावचा हा डॉक्टर तिथे जखमींची सेवा करायला गेला आणि 1942 ला तिथेच वारला, वय फक्त 32. आमच्याकडे त्यांचं स्मारक आहे, शाळेतून सहल जायची. मालकांनी माझा हात दोन्ही हातांनी धरला. भाव काही कमी केला नाही, पण स्वतः स्टेशनपर्यंत सोडायला आले.

तयार बल्बची ऑर्डर आम्ही दिली नाही. हाउसिंग, टोप्या, बारा चिपच्या प्लेटा आणि तो 300 व्होल्टचा ड्रायव्हर, याचे नमुने आणलेत. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक ओळखीचे जोडणी करतात, त्यांच्याकडे हे जोडून आधी लॅबला पाठवायचंय, ड्रायव्हरच्या नोंदणीचे कागद पण वेगळे बघावे लागणार आहेत. पुढे सुट्या भागांचा माल घेऊ त्याच्या करारात मात्र एक अट लिहून घेतली, आगाऊ 30 टक्के, उरलेले 70 माल तपासल्यावर आणि तपासणीत खोक्यातून आम्ही निवडू तेवढे नग उघडून बघणार, सही केलेल्या नमुन्याशी ड्रायव्हर जुळला पाहिजे.

दुकानाच्या मागच्या खोलीत एका लाकडी फळीवर वीस होल्डर ठोकलेत, डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायचं यंत्र) 280 व्होल्ट लावून ठेवलंय, बाबा दर दोन तासांनी बटण बंद-चालू करतात आणि वहीत लिहितात. दीड युआनवाले चार पहिल्या नऊ दिवसांत गेले. आज एकेचाळीसावा दिवस, नव्या ड्रायव्हरचे आठच्या आठ चालू आहेत. त्यातले दोन पुढच्या आठवड्यात मोहोळला नेणार आहे, आजींच्या वस्तीवर, तिथल्या बोर्डावर लावून बघायला.