मिलोसचे किनारे आम्ही कसे निवडले

ग्रीसमध्ये लहानमोठी धरून साधारण 6000 बेटं आहेत आणि त्यातली माणसांची वस्ती असलेली 227. प्रत्येकाला किनारे, आणि इंटरनेटवर प्रत्येक किनारा सुंदरच दिसतो. आमच्या लेकीने म्युनिकहून पाठवलेल्या यादीत पहिला फोटो होता झाकिन्थोस बेटावरच्या नावाजिओचा. पांढऱ्या कड्यांच्या कुशीत निळं पाणी आणि वाळूत रुतलेलं जहाज. पण तिथे 2022 मध्ये कडा कोसळला आणि त्यानंतर किनाऱ्यावर उतरायला बंदी आली. हे त्या फोटोखाली कुठेच लिहिलेलं नव्हतं. तेव्हाच मी ठरवलं की फोटो बाजूला ठेवायचे आणि नकाशा घेऊन बसायचं.

आम्ही चौघं होतो. मी, माझे यजमान, लेक आणि माझी आई. आई गुहागरची, सत्तरी ओलांडलेली, समुद्र बघितला की अजूनही पाण्यात पाय घातल्याशिवाय परत न फिरणारी. पण गुडघे कुरकुर करतात. पायऱ्या तिला चालत नाहीत, खडीवरून तर अजिबात चालवत नाही. यजमानांना पोहता येत नाही. लेकीला कड्यावरून उडी मारायची असते. एकाच किनाऱ्यावर या सगळ्यांचं भागलं पाहिजे, हा आमचा खरा प्रश्न होता.

सँटोरिनीचा विचार लवकर सुटला. तिथली ती प्रसिद्ध पांढरी घरं उंच कड्यावर आहेत आणि पोहण्याचे किनारे, म्हणजे पेरिसा, कामारी, बेटाच्या दुसऱ्या अंगाला, काळ्या वाळूचे. क्रीट अडीचशे किलोमीटर लांब आहे. एलाफोनिसीची गुलाबी छटेची वाळू आणि बालोसचं उथळ पाणी बघायचं तर दिवस गाडीतच जातात. लहान मुलं बरोबर असतील तर माझ्या मते नाक्सोस सगळ्यात उत्तम. पश्चिमेला आयिओस प्रोकोपिओस, आयिया आन्ना, प्लाका असे सलग वाळूचे किनारे, शहरापासून बसने जाण्याजोगे. आम्ही मात्र मिलोस घेतलं. जेमतेम 150 चौरस किलोमीटरचं ज्वालामुखीतून घडलेलं बेट, सत्तरच्या वर किनारे, आणि एकाचा रंग दुसऱ्याला नाही.

गणपतींचं विसर्जन झाल्यावर निघालो. सप्टेंबरात तिथलं पाणी अजून कोमट असतं आणि ऑगस्टची गर्दी ओसरलेली असते.

कोकणात समुद्रावर जायचं तर आधी भरती-ओहोटी बघतात. आई तर अजून तिथीवरूनच सांगते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ, अष्टमीला सहाला भरती. उधाण कधी, भांग कधी, हे तिला कॅलेंडर न बघता कळतं. मिलोसभोवतीच्या एजियन समुद्रात हे गणित लागूच पडत नाही. तिथे भरती-ओहोटीतला फरक फार तर वीतभर. सकाळी पाणी जिथे, संध्याकाळीही तिथेच. तिथे सगळा कारभार वाऱ्याचा.

उन्हाळ्यात उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला मेल्तेमी म्हणतात. बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानच्या तापलेल्या पठारावर कमी, त्यामुळे मधल्या एजियनवरून वारा खाली धावतो. तुर्कस्तानवरचा हा कमी दाबाचा पट्टा आपल्या मॉन्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याला जोडलेला असतो, हे वाचून मला फार आनंद झाला होता. जो उन्हाळा आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस ओढून आणतो, त्याचाच हा दुसरा हात. मात्र हा वारा कोरडा. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, आणि समुद्र खवळलेला. जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वाधिक, सप्टेंबरात कमी होतो, पण संपत नाही. आकाशाकडे बघून समुद्राचा अंदाज बांधायची आपली सवय तिथे कामाची नाही.

एकदा हे कळलं की मिलोसचा नकाशा एकदम सोपा होतो. बेट घोड्याच्या नालेसारखं आहे, मध्ये आखात, आखाताच्या काठी आदामास बंदर. उत्तर किनाऱ्यावर साराकिनिको, मांड्राकिया, फिरोपोतामोस. दक्षिण किनाऱ्यावर फिरिप्लाका, त्सिग्राडो, प्रोवातास, आयिया किरियाकी, पालिओखोरी. उत्तरेचा वारा असेल तर दक्षिणेला जायचं. बेटाचीच भिंत आडवी येते आणि पाणी तळ्यासारखं शांत राहतं. वारा दक्षिणेचा असेल किंवा पडला असेल तर उत्तरेला. पश्चिमेचा भाग आम्ही सोडूनच दिला. तिकडचे रस्ते कच्चे, आणि भाड्याच्या गाड्यांचा विमा अशा रस्त्यांवर सहसा लागू होत नाही. गाडी घेताना हे विचारून घ्यावं. आपल्या भारतीय लायसन्सवर चालवायची तर आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्यावा लागतो. आमच्याकडे लेकीचं जर्मन लायसन्स होतं, म्हणून तीच चालवत होती.

मग रोजचा शिरस्ता पडला. सकाळी उठल्यावर लेक फोनवर वाऱ्याचा अंदाज बघायची. दिशा आणि जोर, दोन्ही. ग्रीसमध्ये जोर बोफर्टच्या पट्टीवर सांगतात. चार म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर, सहा म्हणजे 39 ते 49. आमचा नियम असा की उत्तरेचा वारा चारच्या वर गेला की उत्तर किनाऱ्याचं नावही काढायचं नाही. शिवाय मेल्तेमी दुपारी चढतो, त्यामुळे जिथे वाऱ्याची शंका आहे तिथे सकाळी आणि जिथे आडोसा आहे तिथे दुपारी.

साराकिनिकोला आम्ही वारा पडलेल्या सकाळी गेलो, उन्हं वर यायच्या आत. ज्वालामुखीच्या राखेचा पांढराशुभ्र दगड, वाऱ्या-लाटांनी घासून गुळगुळीत झालेला. झाड नाही, सावली नाही, हॉटेल नाही. दगडाच्या मधून पाण्याची एक चिंचोळी घळ आत येते, तिच्या टोकाला जेमतेम चार पंचे पसरता येतील एवढी वाळू. हा पुळणीचा किनारा नाहीच, हा दगड बघायला जायचं. हात लावला की खडूसारखी पूड बोटांना लागते. आईला आम्ही वरच सपाट जागी, छत्री उघडून, घडीच्या खुर्चीवर बसवलं आणि तिथून तिला घळीत उड्या मारणारी पोरं दिसत होती. दहा वाजता तो पांढरा दगड डोळ्यांना सहन होईना. तेव्हा निघालो. दोन दिवसांनी वारा सुटल्यावर वरच्या रस्त्यावरून जाताना तीच घळ पाहिली. लाट आत शिरून दोन्ही भिंतींवर आपटत होती, आणि पाण्यात कुणीही नव्हतं.

तिथून पुढे पूर्वेला पापाफ्रागास म्हणून कड्यांत कोरलेली समुद्राची गुहा आहे. तिथे दरडी सुटतात, म्हणून ती वरूनच बघावी. तिच्या शेजारीच फिलाकोपीचे अवशेष, कांस्ययुगातल्या वस्तीचे. मिलोसचा ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची काळी काच, शेती सुरू व्हायच्याही आधी बोटींतून मुख्य भूमीवर नेली जात होती. या वाऱ्यात, त्या काळच्या होड्यांतून! यजमान तिथे बराच वेळ उभे होते, किनाऱ्यांपेक्षा त्यांना तेच जास्त आवडलं.

वारा जोरात होता ते दिवस दक्षिणेला काढले. फिरिप्लाका माझ्या मते आमच्यासारख्या कुटुंबाला मिलोसवरचा सर्वांत सोयीचा किनारा. गाडी जवळपर्यंत जाते, उतार सोपा, किनारा रुंद, पाणी बराच वेळ कमरेएवढंच. मागे लाल, पिवळ्या, राखाडी थरांचे कडे. कड्याच्या अगदी पायथ्याशी मात्र पंचा पसरू नये, वरून दगड सुटतात. त्सिग्राडो त्याच्या लगेच शेजारी. तिथे जायला कड्यातल्या फटीतून दोराला धरून आणि लाकडी शिडीने खाली उतरावं लागतं. लेक गेली, आम्ही तिघं फिरिप्लाकावर थांबलो. तिने सांगितलेली एक गोष्ट उपयोगाची आहे. उतरणारे आणि चढणारे एकाच दोरावर असतात, त्यामुळे दुपारी वर यायला रांग लागते. पाठीवरची पिशवी हवी, हात दोन्ही मोकळे हवेत. ज्याला उंचीची भीती आहे त्याने जाऊ नये. तसलंच पाणी शेजारी फुकट मिळतं.

पालिओखोरीची गोष्ट वेगळी. ज्वालामुखीची ऊब तिथे अजून जमिनीत आहे. पाण्याच्या काठी बसून बोटांनी वाळू उकरली तर वीतभर खाली गरम लागते, काही ठिकाणी हात पटकन काढून घ्यावा इतकी. गॉगल लावून पाण्यात तोंड बुडवलं की तळातून बुडबुड्यांच्या माळा वर येताना दिसतात. गंधकाचा वास हलकासा. मी आईचे गुडघे त्या उबदार वाळूत पुरले आणि ती अर्धा तास तशीच बसली. गुडघे बरे झाले असं मी म्हणणार नाही, पण त्या संध्याकाळी ती काठी न घेता जेवायला आली.

तरीही आईचा आवडता किनारा कोणता, तर आदामासला लागून असलेला पापिकिनू. त्याचा फोटो कुठल्याच यादीत नव्हता. आखाताच्या आतला, उथळ, टॅमॅरिस्कच्या झाडांची सावली थेट पाण्यापर्यंत आलेली. ती सावली बघून तिला घरचं सुरूचं बन आठवलं. सकाळी तिथे गावातल्या म्हाताऱ्या बायका येतात. डोक्यावर टोप्या घालून छातीएवढ्या पाण्यात गोल करून उभ्या राहतात आणि तासभर गप्पा मारतात. आई पहिल्या दिवशी लांबून बघत होती. पोहण्याच्या कपड्यांचा तिला संकोच होता. आम्ही तिच्यासाठी पूर्ण बाह्यांचा सदरा आणि लेगिंग असा सुकणारा पोशाख नेला होता, आणि तो घालून ती पाण्यात गेली तेव्हा कुणी वळूनही पाहिलं नाही. कुणी अगदी कमी कपड्यांत, कुणी पूर्ण झाकलेलं, तिथे दोन्हीचं कुणाला काही वाटत नाही. दुसऱ्या दिवशी त्या बायकांनी हात हलवून तिला गोलात बोलावलं. त्या ग्रीकमध्ये बोलत होत्या, ती मराठीत. बोटांनी नातवंडं मोजून दाखवणं झालं. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "तिची धाकटी सून परदेशात असते गो, म्हणून ती काळजीत आहे." हे तिला कसं कळलं, मी विचारलं नाही.

क्लेफ्टिको राहिलं. नैर्ऋत्येच्या टोकाला पांढऱ्या कड्यांच्या कमानी आणि गुहा, एकेकाळी चाच्यांचा अड्डा. तिथे गाडीचा रस्ता नाही, बहुतेक सगळे बोटीनेच जातात. आमची बोट पहिल्या वेळी वाऱ्यामुळे रद्द झाली. पण आम्ही ती सफर मुद्दाम मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठरवली होती, त्यामुळे पुढचा दिवस मिळाला. हे मी सगळ्यांना सांगते. बोटीची सफर शेवटच्या दिवसासाठी ठेवू नका. रद्द झाली तर पैसे परत मिळतील, क्लेफ्टिको मिळणार नाही. आखाताच्या तोंडातून बाहेर पडलं की बोट डोलायला लागते. आईच्या पर्समधली आवळा सुपारी तिथे बोटीवरच्या एका जर्मन जोडप्यालाही कामी आली.

किरकोळ गोष्टी. खडकाळ जागी समुद्री साळू असतात, काळे काटेरी गोळे. पाय पडला तर काटे रुततात, म्हणून पाण्यातले रबरी बूट हवेतच. ग्रीसमध्ये समुद्रकिनारा कायद्याने सर्वांचा आहे. 2024 च्या कायद्यानुसार किनाऱ्याचा निम्मा भाग तरी छत्र्या-खुर्च्यांपासून मोकळा ठेवावा लागतो, संरक्षित भागात 70 टक्के. तेव्हा पंचा पसरून बसायला कुणी हरकत घेऊ शकत नाही. भाड्याच्या खुर्च्या घ्यायच्या तर बसण्याआधी भाव विचारावा, पुढच्या रांगेचा वेगळा असतो. शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं दाटसर वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. टोमॅटोची भजी आईने दोनदा मागवली.

आणि परतीचं. पिराएवसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, जाणाऱ्या बोटीही वाऱ्याच्याच ताब्यात. जोर फार वाढला की बंदरातून बोटी सोडत नाहीत, आणि लहान वेगवान बोटी मोठ्यांच्या आधी थांबतात. म्हणून आम्ही मोठ्या संथ बोटीचं तिकीट काढलं आणि विमानाच्या आदल्या रात्रीचा मुक्काम अथेन्सला ठेवला. बोट चार तास उशिरा सुटली. विमानाला धक्का लागला नाही.