घोसाळ्याचा तराफा: आठवडा तिसरा

काचेच्या पेटीत उन्हानं खाडीच्या खाऱ्या पाण्याची वाफ करून गोडं पाणी मिळवायचं, आणि वाफ वाढावी म्हणून त्या पाण्यावर घोसाळ्याच्या जाळीची काळी चकती, म्हणजे तराफा, तरंगत ठेवायचा, असा हा खटाटोप. मागच्या खेपेची काजळी अंगाशी आली. दिव्यावर धरलेली काजळी तेलकट. जाळी काळीकुट्ट झाली, पण पाणी वर चढेचना. ती चकती भांडी घासायच्याही कामाची राहिली नाही.

या वेळी वाळल्या घोसाळ्याची चकती आधी धुण्याच्या सोड्यात तासभर उकळली. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मग करवंटीचा कोळसा वस्त्रगाळ करून, तांदळाच्या खळीत कालवून फक्त वरच्या तोंडाला थापला. खाडीच्या पाण्यावर सोडल्यावर पाचेक मिनिटांत वरपर्यंत ओल! अख्खं तसराळं तापवत बसायचं नाही, ऊन पडतं तिथेच वाफ करायची, एवढीच युक्ती. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठवाल्यांनी २०२३ मध्ये उन्हावर पाणी शुद्ध करायला घोसाळ्यासारखी भोकं असलेलं जेल केलं. ३३ अंशांच्या आसपास तापलं की ते शोषलेलं पाणी आपणहून सोडतं. आपल्याकडे जेल नाही, घोसाळंच आहे.

मिठाची भीती होती. दुपारी तीनला कडेनं पांढरी किनार धरली, तिवराच्या पानावर दिसते तशी. सकाळी बघतो तर गायब! तिवर मीठ पानावाटे बाहेर टाकतो. इथे ते रात्रभरात ओल्या धाग्यांतून परत खाली उतरतं. जिथे खळ जाड बसून भोकं बुजली होती, तिथलं मीठ मात्र तसंच.

आता आकडे. तसराळं ३० बाय ४० सेंमी. भर उन्हात चौरस मीटरला १ किलोवॉट धरला, तर तासाला साधारण दीड लिटरच्या वर वाफ होऊच शकत नाही. म्हणजे माझ्या वाट्याला १८० मिली. बारा ते एक मध्ये बाटलीत आले ६५. दिवसभराचे ३९०, शेजारच्या बिनतराफ्याच्या पेटीत ३४०. एवढ्या खटाटोपाला ५० मिली!

दोन दिवस काचेसमोर बसून काढले, तेव्हा कळलं. वाफ भरपूर होते, पण काच इतकी तापते की वाफेला थिजायला जागाच नाही. वर थेंबांचं धुकं ऊन अडवतं. तराफ्याला उगाच शिव्या घालत होतो. मागची भिंत सावलीत असते, तिथे आता ॲल्युमिनियमचा पत्रा लावतोय.

बाटलीतल्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) १४, पण पीत नाही. पेटीच्या फटी बुजवायच्या सिलिकॉनचा व्हिनेगरसारखा वास अजून गेलेला नाही. शिवाय आठव्या दिवशी खळीला बुरशी आली. कोळसा चिकटवायला खळीऐवजी कुणी काय वापरतं?